बोललो नाही की बोलता आलं नाही?

दादरच्या एका साडीच्या दुकानात रघुवीर परबनं चौतीस वर्षं साड्या दाखवल्या. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून तो गिऱ्हाइकाशी बोलत राहायचा. "वहिनी, हा रंग ट्यूबलाइटखाली बघू नका. दारात चला, उजेडात बघा." त्याच्या या सांगण्यावर विश्वास ठेवणाऱ्या बायका मुलींच्या लग्नाचा बस्ता बांधायलाही त्याच्याकडेच येत. मालक म्हणायचे, "दुकान माझं, पण चालतंय रघूच्या जिभेवर."

एका मंगळवारी दुपारी ती जीभ थांबली. समोर इरकल उलगडलेली होती. काठ रेशमी आहे का, असं एका बाईंनी विचारलं. त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं. तोंडातून भलताच आवाज निघाला आणि उजव्या हातातून पदर सुटला. दुकानातल्या पोरांनी क्षणभरही न दवडता त्याला टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेलं, म्हणून तो वाचला. हातपाय महिन्याभरात बरेच सावरले. शब्द मात्र आले नाहीत.

ऐकू सगळं यायचं आणि कळायचंही. लोअर परळच्या चाळीत शेजारीपाजारी भेटायला येत आणि तो बहिरा झाल्यासारखं मोठमोठ्यानं बोलत. त्याची बायको सुलभा दीड महिना धीरानं वागली. मग एकदा भात वाढता वाढता तिचा बांध फुटला. "घशाक काय झालेला नाय म्हणतात डॉक्टर. मग बोलत का नाय तुम्ही? माझ्यावर रागावलात काय?"

रघुवीर ताटाकडे बघत राहिला. उत्तर मनात अगदी तयार होतं. ते बाहेर येईना.

हॉस्पिटलात वाचा परत यावी म्हणून प्राची नावाची मुलगी पेशंटकडून सराव करून घ्यायची. वयानं त्याच्या लेकीसारखी. तिनं सुलभाला बाजूला घेऊन समजावलं, "काकी, काका रुसलेले नाहीत. शब्द डोक्यात आहेत, पण ते जुळवून बाहेर आणणारी मेंदूतली जागा त्या झटक्यानं दुखावलीय." सुलभा भिंतीकडे तोंड करून रडली. मग डोळे पुसून विचारलं, "आता मी काय करू?"

प्राचीनं रोज लागणाऱ्या शब्दांची यादी केली. पाणी, चहा, दुखतंय. शेवटी लिहिलं, सुलभा. यावर सुलभा लाजली. "नाव कशाला गं? लग्नातला उखाणा सोडला तर कधी घेतलंय त्यांनी? गो म्हणूनच हाक मारतात."

"मग आता घेतील."

नाव सुलभा, पण चार महिने ते त्याला काही सुलभ झालं नाही.

गणपतीत चाळीत आरती सुरू झाली. टाळ्यांच्या ठेक्यावर रघुवीरचे ओठ हलू लागले आणि आख्खं कडवं स्पष्ट बाहेर पडलं. शेजारी उभ्या सुलभाची टाळी थांबली. आरती संपल्यावर त्यानं पाणी मागायचा प्रयत्न केला, तर पुन्हा नुसता घुसमटलेला आवाज. पण सुलभानं हॉस्पिटलात हे सांगितलं तेव्हा प्राची खुर्चीतून उठलीच. "गाण्याची वाट शाबूत आहे काका! आपण तिथूनच शिरू." ती त्याला डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायला लावायची आणि साध्या शब्दांना चाल द्यायची. पाऽणी. चऽहा. आठवड्यातून तीनदा, कधी कंटाळली नाही.

एका सकाळी सुलभा तांदूळ धूत होती. मागून आवाज आला, "सु...लभा." शेजारचं कोणी असेल म्हणून तिनं वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा ती वळली. "काय वो?" रघुवीरला पुढं काहीच सांगायचं नव्हतं. तो नुसता हसत होता. तिनं ओल्या हातांनीच तोंड झाकलं.

तीन वर्षांत छोटी छोटी वाक्यं जमू लागली. एके दिवशी प्राचीनं सांगितलं, केरळ, आसाम, दिल्लीहून वाचा-उपचार करणारी मंडळी हॉस्पिटलातल्या एका कार्यक्रमाला येणार आहेत. पेशंटच्या तोंडून अनुभव ऐकायला मिळाला तर त्यांना फार उपयोग होईल. "तुम्ही मराठीत बोला. मी इंग्रजीत सांगेन."

रघुवीरनं नकारार्थी मान हलवली. "माझी वाचा... परत आलीय. दुसऱ्याच्या तोंडानं... कशाला? इंग्रजीतही... मीच."

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळं कामापुरतं इंग्रजी त्याला यायचं, तेही आता विस्कटलं होतं. मग त्याला डोरोथी टीचर आठवल्या. दादरलाच राहणाऱ्या या बाईंनी मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि शाळेत नेसायच्या त्यांच्या साड्या रघुवीरच काढून द्यायचा. त्या आता पंच्याहत्तरीच्या होत्या. त्यांनी त्याला रोज सकाळी अकराला घरी बोलावलं आणि फीचा विषय काढू दिला नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं डाव्या हातानं लिहून आणलेलं वाक्य वाचलं. "आय डिड नॉट स्पीक... टू माय वाइफ."

टीचरनी चष्मा काढला. "परब, तुम्ही बोलला नाहीत, की बोलता आलं नाही?"

"बोलता... आलं नाय."

"मग 'डिड नॉट' खोडा. त्यातून नुसतं कळतं की बोलला नाहीत. राग होता की मनात नव्हतं, ते ऐकणारा ठरवणार. तुम्हाला हवं 'कुड नॉट'. बोलताना 'कुडन्ट'. बोलायचं होतं, पण जमलं नाही. 'आय' असो, 'ही' असो, 'दे' असो, ते बदलत नाही. पुढं साधं क्रियापद, 'स्पीक'. 'स्पोक' नाही."

"कॅनॉट... नको?"

"कॅनॉट आजचं झालं. आज तर तुम्ही माझ्याशी बोलताय की! 'वॉज नॉट एबल टू'सुद्धा चालेल, पण लांबलचक आहे. तुम्हाला लहान घास बरा."

घरी जाऊन त्यानं सुलभाला समोर बसवलं. "तू विचारलंस... रागावलात काय. नव्हतो गो. बोलायचं होतं. कुडन्ट."

शब्द तिच्या ओळखीचा नव्हता, पण अर्थ पोचला. "माका ठावक आसा," ती म्हणाली. "माका तसा इचारूक नको होता." मग तिनं भात वाढायला घेतला. 

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. सुलभा आणि डोरोथी टीचर मागच्या रांगेत. रघुवीर कागद धरून उभा राहिला.

"आय कुडन्ट स्पीक. आय कुडन्ट... आस्क फॉर वॉटर. आय कुडन्ट से माय वाइफ्स नेम."

चौथ्या वाक्याला तो अडला. कागदावरची अक्षरं दिसत होती, तोंडात येत नव्हती. प्राची मदतीला अर्धी उठली. त्यानं हात करून तिला थांबवलं आणि कागद खिशात घातला. 

"शी," तो सुलभाकडे बोट दाखवून म्हणाला, "शी... वेटेड." मग प्राचीकडे वळला. "शी ऑल्सो." आणि दोन्ही हात जोडून मराठीतच म्हणाला, "तुमच्यामुळं."

टाळ्या वाजत असताना सुलभानं टीचरना विचारलं, "काय म्हणाले ओ?"  टीचर आधी चष्मा पुसत बसल्या.

आता रघुवीर सकाळचे दोन तास दुकानात बसतो. मालकांनी त्याची जागा कोणाला दिलेली नाही. दर गुरुवारी तो हॉस्पिटलात जातो. हल्ली तिथं वडाळ्याचे सीताराम नावाचे एक टॅक्सीवाले येतात. त्यांचे शब्द अजून अडकलेलेच आहेत. रघुवीर त्यांच्या शेजारी बसतो, त्यांना टेबलावर ठेका धरायला लावतो, आणि चहा आला की विचारतो, "साखर?" उत्तर यायला कधी दहा मिनिटं लागतात. चहा निवतो. रघुवीर दुसरा मागवतो.