राखणदाराचं बटण

बायको गेली त्या दिवशी जेवायच्या आधी आम्ही दोघांनी राखणदार तपासला. एकत्र केलेलं शेवटचं काम ते. काही गोड बोललो असतो तर आता सांगायला बरं पडलं असतं. पण मी स्टुलावर चढलो होतो आणि ती मोरीच्या दारातून ओरडत होती, "अहो, दाबा की! भात करपतोय माझा."

राखणदार म्हणजे दारावरच्या बोर्डातला ट्रिपर. ओल्या हाताने हिटरला हात लावून तिला एकदा झटका बसला, तेव्हा तिने तो बसवून घेतला. कुठे करंट गळला की तो आख्ख्या घराची लाइट पाडतो. वायरमन म्हणाला, महिन्यातून एकदा हे बटण दाबून बघा, लाइट पडली नाही तर तो मेला समजा. नवऱ्याचं तिने जन्मात ऐकलं नाही, वायरमनचं ऐकलं. आमच्या गावी अवसेला राखणदार देवाला नारळ देतात, म्हणून हिने अवस धरली. आधी दाराला लिंबू-मिरची, मग मी बटण दाबायचं, तिने मोरीतला दिवा बघून "बंद!" म्हणायचं, की मी खटका वर करायचा.

पावसाळ्यात तो ऊठसूट पडायचा. मी म्हणायचो, "अगो, काढून टाक ते डबडं. आख्ख्या चाळीत सगळ्यांचं डायरेक्ट आहे."

"असू दे. घरात कोणीतरी कामाचं हवं."

जेवून ती आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टरने हार्ट म्हणून सांगितलं. त्याला दाबून बघायचं बटण नसतं.

मुलगी कुडाळहून सकाळी पोहोचणार होती. तोवर मयत ठेवायला पुतण्याने थंड पेटी मागवली. पेटीवाल्याने प्लग लावला आणि राखणदार पडला. खटका वर केला, परत पडला. दुसऱ्या प्लगला लावून बघितली, तेच.

"आजोबा, तुमचा ट्रिपर गेलाय."

"दुपारीच तपासलाय."

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. डायरेक्ट करून टाकू."

"सगळीकडे तसंच करतो," पेटीवाला म्हणाला. "आजपर्यंत कोणाला झटका बसला नाही."

"बसला तो सांगायला येणार होता काय?"

शेजारीण मध्ये पडली, "भावोजी, असं काय करता? तिला आता कसला झटका?"

"तिला नाही. पोरगी येऊन ह्या पत्र्याला मिठी मारणार, तिला."

कोणाला पटलं नाही. म्हातारा सटकला, एवढंच सगळ्यांनी मनात घेतलं असणार. इतकी वर्षं जे काढून टाक म्हणून मी तिच्या मागे लागलो, त्याच्याच खाली हात आडवे पसरून उभा होतो. ती बघायला असती तर पोट धरून हसली असती.

पेटी परत गेली. तिच्यात खरंच करंट होता की आमचाच राखणदार नाजूक, मला आजही माहीत नाही. पुतण्याने चडफडत मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या. बर्फातला मासा हिने कधी घरात घेतला नाही, कोळणीशी भांडायची. तिलाच आम्ही बर्फात ठेवली.

सकाळी मुलगी आली. फरशीभर पाणी झालेलं, त्यातूनच अनवाणी धावली आणि आईच्या अंगावर पडली. मी तिचे ओले पाय बघत होतो.

मग बायका म्हणाल्या, मयताच्या आंघोळीला ऊन पाणी लागेल. मुलगी उठून मोरीत हिटर लावायला निघाली.

"थांब," मी म्हणालो आणि स्टूल ओढलं.

"काका, आता परत? खाली तिरडी बांधून झाली," पुतण्या म्हणाला.

"होऊ दे." मुलीला म्हटलं, "दिवा बघ."

आई कशी उभी राहायची ते तिने लग्नाआधी बघितलेलं. तशीच ती मोरीच्या दारात उभी राहिली. मी बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला.

"बंद!" ती आतून म्हणाली.

मी खटका वर केला, स्टुलावरून उतरलो आणि तिला म्हणालो, आता लाव हिटर.