मागून येणारा हशा

फोन त्यानेच केला आणि ‘‘आपण कोण?’’ असंही त्यानेच विचारलं. स्क्रीनवर श्रीकांतचं नाव होतं, म्हणून मी उचलताच नेहमीसारखं म्हणालो, ‘‘बोला, आज कुणाची पाळी?’’ पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, ‘‘मी निखिल, त्यांचा मुलगा. बाबा परवा गेले. सॉरी, पण तुम्ही कोण बोलताय?’’

श्रीकांतच्या फोनमध्ये एकाही दोस्ताचं खरं नाव नव्हतं. नातेवाईक घरच्यांना ठाऊक होते, त्यांना कळवलं गेलं; अडलं ते आम्हा ऑफिसवाल्यांपाशी. बिचारा पोरगा एकेक नंबर लावून समोरच्याला ‘तुम्ही कोण’ असं विचारत बसला होता. म्हणजे माझा पस्तीस वर्षांपासूनचा मित्र गेला, त्याला पोचवून लोक घरी आले, आणि मी डोंबिवलीत गवार निवडत बसलेलो. मी नाव सांगितलं, ‘मधूकाका’. पण बाबांनी मला कुठल्या नावाने ठेवलं होतं, हा प्रश्न तोंडावर आला होता तो गिळला. मित्र गेल्याचं ऐकून दुसराच विचार हा यावा याची लाज वाटली, पण आला खरा.

ठाण्याच्या एका कचेरीत आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर नोकरी केली. डबा उघडला की आदल्या रात्रीची विनोदी मालिका उघडायची. श्रीकांत त्यातला पंडित. तो म्हणायचा, जुन्या, आठवड्यातून एकदा लागणाऱ्या मालिकांत माणूस अडचणीत सापडायचा आणि आपण हसायचो. हल्लीच्या रोजच्या मालिकांत पुरुषाला साडी नेसवतात, जाडीला जाडी म्हणतात आणि वर ढ्यँण करून वाजवून सांगतात की आता हसा. इंग्रजी सिटकॉमची तऱ्हा तिसरी. तिथे लोक एकमेकांच्या घरात घुसून पाणउतारा करतात, मागून रेकॉर्ड केलेला हशा येतो, आणि कुणाचंच काही बिघडत नाही. त्याला ही तिसरी तऱ्हा प्रिय. मी एकदा म्हटलं, आपल्याकडे माणूस दुखावतो रे. तो भाजीचा घास घेत म्हणाला, ‘‘मागे हशा नसतो म्हणून दुखावतो. हशा आला की अपमानाचा विनोद होतो.’’

त्याचा दुसरा नियम असा, की पात्र सुधारता कामा नये. चिक्कू चिक्कूच राहिला पाहिजे, बावळट बावळटच. पात्राला अक्कल आली की मालिका बंद पडते. हे मालिकांपुरतं ठीक होतं, पण श्रीकांतने सगळ्या कचेरीला पात्रं वाटली होती. प्रत्येकाला एकच खोड, आणि ती मरेपर्यंत सोडायची नाही.

आमच्यातला तिसरा दिनू, कल्याणचा. साहेबांच्या निरोपसमारंभात तो पिऊन आला आणि साहेबांच्याच खुर्चीत, साहेबांचीच शाल पांघरून झोपला. खोटं कशाला बोलू, दृश्य मजेशीर होतं. पण त्यानंतर दिनूने दारू सोडली ती कायमची. श्रीकांतच्या नियमात हे बसेना. दिनू साधं पाणी प्यायला तरी श्रीकांत पेला हातात घेऊन वास घ्यायचा, आणि मी हसायचो. दिनूच्या मुलीच्या साखरपुड्यात श्रीकांतने तेच केलं. व्याह्यांसमोर दिनूच्या हातातलं कोकम सरबत घेतलं, हुंगलं, डोळे फिरवले. मी एवढ्यांदा हसलो की मुलाचा बाप वळून त्या पेल्याकडे बघत राहिला. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. आम्हाला पत्रिका आली नाही. दिनूला विनोद कळत नाही, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं आणि मी त्याचा नंबरही काढून टाकला.

सुमनवहिनींची गोष्ट वेगळी. श्रीकांत म्हणायचा, मालिकेतलं सर्वांत भारी पात्र म्हणजे जे कधी दाखवतच नाहीत, ज्याच्याबद्दल फक्त बोलतात. ते पात्र त्याने बायकोला दिलं होतं. रिटायर झाल्यावर दर शनिवारी मी बाळकुमला त्याच्याकडे जायचो. तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचा, ‘‘सुमन, बाहेर येऊ नको हं, तुझी मजा जाईल.’’ चहा दारातून हात लांब करून यायचा. मी हसून कप घ्यायचो. आज आठवलं की कसंसं होतं, पण तेव्हा होत नव्हतं, हेही लिहायला हवं.

निखिलचा फोन आला त्याच दिवशी बाळकुमला गेलो. त्याने बाबांचा फोन माझ्यापुढे धरला आणि मी यादी उलगडायला बसलो. ‘दारात पाय’ म्हणजे नाईक, निघतो निघतो म्हणत तासभर चपलेत उभा राहणारा. ‘आमच्याकडे पण’ म्हणजे कुलकर्णी. कुणाकडे काही झालं की ते त्याच्याकडे आधीच झालेलं असायचं. मी एखाद्या जाणकारासारखा रंगून सांगत होतो. निखिल एकदा हसला आणि मग त्याने डोळे पुसले. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना हॉलमध्ये बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

‘‘माझं काय लिहिलंय त्यात?’’

निखिलने त्यांचा नंबर टाकून शोधलं. नव्हताच. ‘‘बाबांना पाठ असेल, आई,’’ तो घाईने म्हणाला. का नव्हता ते मला कळलं होतं. वहिनींनी विचारलं, ‘‘आणि भावोजींचं?’’ निखिलने बघितलं आणि खालच्या आवाजात वाचलं, ‘‘हशा.’’

मला वाटत होतं, ती मालिका आम्ही दोघं मिळून लिहीत होतो.

वहिनी म्हणाल्या, ‘‘बरोबर लिहिलंय. तुम्ही हसायचात, म्हणून हे थांबायचे नाहीत.’’

मी यादी पुढे सरकवली. ‘तर्र’ आलं. हा दिनू, मी म्हटलं. निखिलने हा नंबर अजून लावला नव्हता. मीच त्या फोनवरून लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

‘‘श्री? अरे, केलास शेवटी फोन!’’ दिनूचा आवाज भरून आला होता. ‘‘मी बायकोला म्हणायचो, तो करेल एक दिवस.’’

‘‘दिनू, मी मधू बोलतोय. अरे... श्री गेला.’’ आणि मला रडू फुटलं. माझं रडणं मीही बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. नाकातून आलेला तो आवाज मला स्वतःलाच हसण्यासारखा वाटला.

पलीकडचा आवाज एकदम थंड झाला. ‘‘तूपण आहेस होय तिथे? म्हणजे दोघं बसलाय हसायला. आता मेल्याचंही नाटक करता काय रे?’’ एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर तो ना त्या नंबरवरून केलेला फोन उचलतो, ना माझा, ना निखिलचा. कल्याणला जाऊन आलो. त्याची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय, पत्रे लावलेत, आणि भाड्याने कुठे राहायला गेला ते कुणाला सांगता येईना. तेरावं झालं. नाईक आला, कुलकर्णी आला. दिनू काही आला नाही. माझ्या परीने मी जे काही केलं त्यातलं त्याला काहीही खरं वाटलेलं नाही, आणि वाटावं असं मी आयुष्यात काही केलेलंही नाही.

म्हणून हा लेख. दिनू रविवारची पुरवणी वाचतो, निदान वाचायचा. संपादकांनी श्रीकांतचा एखादा हसरा फोटो मागितला होता; माझ्याकडे ढिगाने आहेत, पण ते मी दिले नाहीत. वहिनींना विचारून हॉलमधल्या भिंतीवरचा, हार घातलेला फोटो काढून आणला आणि तो पाठवलाय. दिनू, नीट बघ. हार खरा आहे.