तलावाकाठची एक पंगत

माझं माहेर गोंदियाचं. वडिलांचं किराण्याचं लहानसं दुकान होतं आणि घर माळकरी, त्यामुळे आमच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलं नाही. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतच माझं लग्न झालं आणि मी कामठ्याला, धानाची शेती असलेल्या मोठ्या घरात आले. माझ्या बोलण्यात दुकानातली हिंदी यायची, त्यावर थोरली जाऊ हसायची. पावसाळ्यात बांध्यांमधून, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या शेतांतून, मासोळी घरात यायची तेव्हा मात्र ती हसत नसे. मला वास सोसत नाही हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. माझ्यासाठी ती गुपचूप एका लहान गंजात, म्हणजे पातेल्यात, थोडी भाजी वेगळी काढून ठेवायची.

जेवणाची रीत तेव्हा सगळ्या गावात होती तीच आमच्याकडे. आधी पुरुष, मग मुलं, मग आम्ही बाया. मी माझ्या मालकांच्या जेवल्या ताटात जेवत असे. लग्न होऊन कितीतरी महिने झाले तरी त्यांना जेवताना मी धड पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून वाढायचं, म्हणजे दिसायचा तो फक्त हात. त्यांना काय आवडतं हे मला ताटावरून कळे. चटणी कायम संपलेली असे, वांग्याचं देठ कायम उरलेलं. दिवसा आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. घरात माणसं एवढी, की बोलायला जागाच नसे.

त्या थंडीत सासू एक दिवस म्हणाली, "तुहे मामासासरे दुखण्यातून उठले. लग्नाले आले नाई. जा, दोघं जाऊन पाया पडून या." सासूला आम्ही सुना मायच म्हणायचो. मामासासरे म्हणजे तिचा भाऊ. त्याचं गाव नवेगावच्या मोठ्या तलावाजवळ. गोंदियाहून छोट्या लाईनची गाडी तिकडे जायची, जंगलातून, इतकी हळू की खिडकीतून हात काढला तर पानं तोडता येत. गाडीतही मी बायांमध्ये बसले आणि हे पलीकडच्या बाकावर. मधे कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी होती.

मामासासऱ्यांकडे एक रात्र राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गडी बाजाराला तांदूळ घेऊन निघाला होता, त्याच्याच बैलबंडीत त्यांनी आम्हाला बसवलं. गाडी दुपार टळल्यावर होती. गड्यानं आम्हाला तलावाच्या काठी उतरवलं आणि तो बाजाराकडे गेला.

धुकं अजून उठलं नव्हतं. समोर पाणी होतं, पण ते कुठं संपतं ते दिसत नव्हतं. पलीकडचे डोंगर धुक्यात विरघळून गेले होते. पाण्यावर बदकांचे थवेच्या थवे बसलेले, आणि ते हलले की पाणीच उठून चालायला लागल्यासारखं वाटे. काठाची रेती गार होती. मी चपला हातात घेतल्या. समुद्र मी पुढं पुष्कळ वर्षांनी पाहिला, पण मनात समुद्र म्हटलं की आजही मला तो तलावच दिसतो, पांढरा आणि बिनआवाजाचा.

आवाज आला तो मागून. काठावर बांबूचा एक लांब मांडव होता, वर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, छप्पर. आत माणसांची ही गर्दी. बाजाराला आलेले शेतकरी, लाकडाच्या ठेक्यावरचे मजूर, छोट्या लाईनवरचे रेल्वेवाले, बांगड्या विकणाऱ्या बाया. नावा नुकत्याच काठाला लागल्या होत्या. मांडवाच्या तोंडाशीच मासोळी चिरली जात होती आणि आत मोठ्या कढईत जवसाचं तेल धुरावत होतं. हा सगळा कारभार मासे धरणाऱ्या ढिवरांची एक बाई एकटी हाकत होती. उंच, काळीसावळी, काष्टा मारलेली, हातात पळी. तिचा नवरा कढईपाशी बसून मासोळी तळत होता आणि तिच्या हाकेसरशी मान हलवत होता.

"भूक लागली काय?" ह्यांनी विचारलं. माझ्याकडे न पाहता, पाण्याकडे पाहत.

मी मान हलवली.

आत गेलो. हे एका बाकावर बसले आणि मी सवयीनं त्यांच्या मागं, खांबाला टेकून उभी राहिले. त्यांचं झालं की आपण बसू, एवढंच डोक्यात. त्या बाईनं लांबूनच मला पाहिलं.

"कायले उभ्या राहून राहिल्या वो बाई? बसा!"

"मागून बसते," मी म्हटलं.

"मागून जेवाल तं मासोळी सरून जाईल. इथं बायामानसाची पंगत येगळी नाई," ती म्हणाली आणि ह्यांच्या शेजारी, समोरच्या फळीवर, पळसाची दुसरी पत्रावळ आपटून मोकळी झाली.

मी तशीच उभी. तेव्हा हे हळूच म्हणाले, "बस ना वो. इथं कोन पाहून राहिलं?"

मी बसले. मधे हातभर जागा सोडून. पुढ्यात कोरी पत्रावळ होती, माझी एकटीची. आजूबाजूला इतका कल्लोळ होता की आमच्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष जाणं शक्य नव्हतं. मला एकाएकी बोलावंसं वाटलं.

"मी मासोळी खात नाई," मी म्हटलं.

"मले माहीत हाय."

"कसं काय?"

"आपल्या घरी मासोळी शिजली का एक लहान गंज बाजूले झाकून राह्यते. तो कोनासाठी ते कळत नाई काय मले?"

मी पदराआड त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाला मी फक्त उष्ट्या ताटावरून ओळखत होते, तो मला एका झाकलेल्या गंजावरून ओळखत होता. ह्यांनी बाईला वरण आहे का विचारलं. "वरन घरी खा गा," ती म्हणाली आणि भाताचा ढीग वाढून पुढं सरकली. वाफाळता, नव्या धानाचा भात. त्यावर लाल रस्सा, टमाटर घातलेला आणि वरून हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. सोबत झिंग्यांची सुकी भाजी आणि तळलेल्या रोहूचा तुकडा.

मी आधी नुसता भात खाल्ला. मग रस्सा लागलेला. वास होताच, पण मोकळ्या हवेत, धुरात आणि पाण्याच्या गारव्यात तो वेगळाच वाटत होता. शेजारी हे जेवत होते. पहिल्यांदा मी त्यांना चावताना पाहिलं. डाव्या बाजूनं चावत होते, आणि तिखट लागलं की डोळे बारीक करत होते. काटे काढताना त्यांची बोटं इतकी सावकाश चालत, जणू रोवणीत रोपं लावून राहिले आहेत. काट्यातून सोडवलेला एक पांढरा तुकडा त्यांनी माझ्या पत्रावळीच्या कडेला ठेवला. मी तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग खाल्ला. मऊ होता, थोडा गोड. त्यांनी दुसरा ठेवला.

किती वेळ गेला कळलं नाही. धुकं पातळ झालं होतं, उन्हाचे पट्टे छपरातून बाकावर पडले होते आणि एवढ्या गर्दीत मला एखाद्या रिकाम्या घरात असल्यासारखं शांत वाटत होतं. इतक्यात समोरून हाक आली.

"काऊन गा! सूनबाईले घेऊन?"

आमच्याच गावातले, नात्यानं माझे चुलत सासरे. बैलांचा व्यापार करायचे, म्हणून बाजारोबाजार फिरायचे. मांडवात जागा शोधत उभे होते. मिशांवर दहिवर, खांद्यावर घोंगडं. मी नवऱ्याच्या शेजारी, उघड्यावर, एकाच बाकावर जेवत बसलेली. मी पदर ओढून उठू लागले तर मागून खांद्यावर एक हात पडला. ती बाई.

"पात्रावरून उठू नाई," ती म्हणाली. "अन्न रुसते."

मला वाटलं, आता हे तरी उठतील, बाजूला सरकतील. ते सरकले. पण माझ्याकडे. मधली हातभर जागा त्यांनी भरून काढली, त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागलं, आणि पलीकडच्या मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवून ते म्हणाले, "या ना काका. इथं जागा हाय. जेवून राहिलो आमी."

काका बसले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही, बैलांच्या गोष्टी करत राहिले. मी मान खाली घालून भात खात होते आणि माझं सगळं लक्ष त्या कोपरात होतं.

परतीच्या गाडीत जंगल सोनेरी झालं होतं. हे या वेळी माझ्याच बाकावर बसले. पण जसजसं गोंदिया जवळ येत गेलं तसतसा मी पदर पुन्हा पुढं ओढत गेले. "माय काय म्हनेल?" मी विचारलं. "म्हनेल ते म्हनेल," हे म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. आम्ही ती रात्र माझ्या माहेरी काढली आणि सकाळी बंडीनं कामठ्याला गेलो. तेवढ्यात कुणाच्या तरी ट्रकवर बसून काका आमच्या आधी गावात पोचले होते.

घरात शिरताच थोरल्या जावेनं डोळ्यांनीच सांगितलं की बातमी आली आहे. मायच्या पाया पडले तर "अस्सं" एवढंच. दिवसभर मी पाणी भरत राहिले, लागत नव्हतं तरी. दुपारी तिनं मला मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, बोलावलं. वालाच्या शेंगा तोडत होती. मीही तोडू लागले.

"बाकावर बसली होती म्हने, त्याच्या आंगानं?"

"हो माय."

"सारे मानसं पाहत होते म्हने?"

"हो."

ती शेंगा तोडत राहिली. मग एकदम म्हणाली, "मासोळी कोनती होती?"

मला आधी समजलंच नाही. "रोहू," मी म्हटलं. "आणि झिंगे."

"ओले का वाळले?"

"ओले."

तिचा हात वेलावर थांबला. "मी तिथलीच पोर," ती म्हणाली. "मावशीसंग त्या रेतीवर बसून झिंगे भाजून खाल्ले मी, पोट फुटेपर्यंत. लग्न झालं तं सुटलं सारं. आता जाते तं कोनाच्या मरनाले जाते, नाई तं बाळंतपनाले. तलाव दुरूनच पाहून येते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू खाल्ली म्हने. बरं केलं."

तेवढंच. शेंगांची ओटी भरली तशी ती आत निघून गेली. मी तिथंच बसून राहिले. रडू येत होतं आणि हसूही.

पुढच्या थंडीत मामासासऱ्यांच्या घरी बारसं निघालं. माय या वेळी घरातल्या कामाची सबब सांगेना. सासऱ्यांनाही तिनं सोबत काढलं. ते फार कमी बोलणारे, सरळ पाठीचे गृहस्थ. सुना समोर असल्या की खाकरूनच घरात यायचे. बारसं आटोपून निघालो तेव्हा मायनं बंडी तलावाकडे वळवायला लावली. मांडव तिथंच होता, गर्दी तशीच, आणि ती बाईही तशीच पळी घेऊन उभी. तिनं सासऱ्यांना बाकावर बसवलं, मायला शेजारी बसवलं आणि समोर आम्हा दोघांना. सासऱ्यांनी "मी मागून..." असं काहीतरी पुटपुटून पाहिलं. तिनं ऐकलंच नाही, त्यांच्यापुढं भात ओतला.

माय जेवायला लागली. आधी मान खाली घालून. मग पदर थोडा मागं सरला. झिंगे तिनं परत मागितले, मग पुन्हा मागितले. काटे ती जिभेनंच वेगळे करायची आणि ओठांच्या कोपऱ्यातून अलगद काढून ठेवायची, बोलणं न थांबवता. बारशाच्या बाळाचं नाक कोणावर गेलंय ते सांगत होती. सासरे आपलं जेवण विसरून तिच्याकडे पाहत राहिले.

"एवढी जेवते हे मले माहीतच नोहतं," ते अखेर म्हणाले. त्यांचा आवाज मोठा, अर्ध्या मांडवानं ऐकला.

मायनं मान वर केली. "जलमभर मागून जेवली मी," ती म्हणाली. "कुठून माहीत होईल तुमाले?"

बाकावरची माणसं हसली. कढईजवळचा तो गप्प नवराही हसला. सासरे लाल झाले, पण मग त्यांच्याही मिशा हलल्या. जेवून झाल्यावर माय रेतीवर जाऊन बसली आणि पाण्याकडे पाहता पाहता, उन्हात, तशीच आडवी झाली. तिला इतकी गाढ झोपलेली मी घरात कधी पाहिली नव्हती. सासरे तिच्या डोक्याशी सावली पडेल असे उभे राहिले, बिडी ओढत, जणू काही सहजच.

घरी आल्यावर सगळं एकदम बदललं असं नाही. पाहुणे आले की आधी पुरुषच बसायचे, ते कितीतरी वर्षं तसंच राहिलं. पण पुढच्या पावसाळ्यात बोडी, म्हणजे गावचा लहान तलाव, भरून वाहिली, बांध्यांतून टोपलंभर मासोळी घरी आली आणि ती पहिल्यांदा मी शिजवली. जाऊ शेजारी बसून सांगत होती, मी करत होते. पुरुषांची पानं मांडली तेव्हा माय स्वयंपाकघरातून आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि सासऱ्यांच्या शेजारी बसली. मी वाढत होते, पण पदर त्या दिवशी कपाळापर्यंतच होता.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला. "मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"मले तं बराबर लागून राहिलं," माय म्हणाली.

दोघं भात संपेपर्यंत त्या मिठावरून भांडत राहिले.