बाईने नाव सांगितलं नाही

डेल्बर्ट क्रूस आणि मी निम्मं आयुष्य बेल्टन फेरीच्या धक्क्यावर काढलं. शेतकऱ्यांचा मका कोठारात चढवायचा, कोठारातून नदीतल्या सपाट बोटींवर उतरवायचा आणि मिसिसिपी गोठली की वसंत येईपर्यंत घरी बसायचं. डेल माणूस भला, पण बोलायचा नाही. आपण दहा वाक्यं बोललो की त्याच्याकडून एक ‘हं’ यायचं. डावा कान लहानपणीच गोवरात गेलेला, म्हणून लोकांना वाटायचं की बिचाऱ्याला ऐकू येत नाही. तसं काही नव्हतं. उजव्या कानाने त्याला सगळं ऐकू यायचं.

त्याची बायको नॅडीन अगदी उलट. टपाल टाकायला आलेल्या माणसालाही ती अर्धा तास सोडत नसे. कपडे शिवायची, शिवता शिवता बोलायची, आणि जे बोलायची ते खरं बोलायची. एकदा चर्चच्या जेवणात पाद्रीसाहेबांनी तिने भाजून आणलेला केक कसा झालाय विचारलं, तर म्हणाली, “कच्चा आहे, पण तुमच्या प्रवचनापेक्षा बरा.” सगळे हसले. डेलसुद्धा हसला, तोंडावर हात धरून.

एका इस्टरनंतर ती सामान बांधून नदीपलीकडे, आयोवात, बहिणीकडे निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. जाताना माझ्या बायकोला, लोइसला, म्हणाली, “अगं, भिंतीशी बोललं तर निदान आवाज तरी परत येतो.”

डेलने पूल ओलांडून तिला आणायला जायला हवं होतं. आम्ही सगळ्यांनी सांगितलं. तो गेला नाही. स्वयंपाकघरातली तिची खुर्ची मात्र कुणाला वापरू द्यायचा नाही. मी एकदा बसायला गेलो तर खांद्याला धरून उठवलं. पुढे घटस्फोट घेऊन तिने पलीकडच्या बर्नार्ड नावाच्या हार्डवेअरवाल्याशी लग्न केल्याचं कळलं. मीच सांगितलं त्याला. तो ‘हं’ म्हणाला, फावडं घेऊन बाहेर गेला आणि दारातला बर्फ उपसत राहिला. त्या दिवशी बर्फ पडलाच नव्हता म्हटलं तरी चालेल.

मग त्याची म्हातारी आई त्याच्याकडे राहायला आली. तिचं करण्यात बरीच वर्षं गेली. ती गेली तो हिवाळा फार वाईट होता. धक्का बंद, घर रिकामं. आम्ही जेवायला बोलावलं की यायचा, ताटातलं संपवायचा आणि जायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी डेल मेन स्ट्रीटच्या बस थांब्यावर उभा होता. डोक्यावर लाल-काळ्या चौकडीची कानटोपी, हातात मासेमारीचा हिरवा पत्र्याचा डबा. पोलिसांची गाडी आली. दोघे उतरले. रिगिन्स नावाचा तरुण पोलीस मागून, डाव्या बाजूने ओरडला, “डबा खाली ठेव!” डेलने बसच्या दिशेने बघणं काही सोडलं नाही. पुन्हा ओरडला. तरी नाही. पुढच्या क्षणी डेल गोठलेल्या रस्त्यावर पालथा होता आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पोलिसांनी डबा उघडला. गळ, शिशाची वजनं, आणि खाली फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेलं त्याच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर, गोळ्या भरलेलं. परवाना नव्हता.

जामिनावर सुटल्यावर त्याला मीच घरी आणलं. गाडीत विचारलं, “अरे, कुठे निघाला होतास ते घेऊन?”

“धरणाकडे.” मग म्हणाला, “तिथलं पाणी गोठत नाही. नदीत टाकायला निघालो होतो असं सांगायला बरं वाटतं, गस. पण खरं सांगू? तिथे पोचून काय करेन, ते मलाच माहीत नव्हतं.”

डेलकडून मी एका दमात ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं. त्या रात्रीपासून लोइसने त्याला महिनाभर आमच्याकडेच ठेवून घेतलं.

कोर्टाने त्याला वकील दिली ती मिरियम सॉल्टर, बारकी, खोकणारी, एक नंबरची चिवट बाई. तिने पहिल्या भेटीतच विचारलं, “क्रूसकाका, पोलीस तुमच्याकडे आलेच कसे?”

डेलने खांदे उडवले. एकच उडला, दुसरा बांधलेला होता.

“कुणीतरी फोन केला. निनावी. समोरच्या औषधांच्या आणि किरकोळ सामानाच्या दुकानातल्या सार्वजनिक फोनवरून. नुसत्या तेवढ्यावर त्यांनी तुमची झडती घेतली. हे चालत नाही. झडतीच बेकायदा ठरली तर तिच्यात सापडलेलं काही कोर्टापुढे आणता येत नाही, आणि मग खटलाच उरत नाही.”

सुनावणीला मी डेलच्या मागच्या बाकावर होतो. सॉल्टरबाईंनी रिगिन्सला उभं केलं.

“तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा हा माणूस काय करत होता?”

“बसची वाट बघत होता.”

“कुणाला धमकावत होता? पळाला? काही लपवत होता?”

“नाही.”

“मग डबा का उघडलात?”

“फोन आला होता ना, बाई.”

“फोन करणारी कोण?”

“माहीत नाही.”

“डब्यातलं तिला कसं कळलं?”

“तेही माहीत नाही.”

मग सरकारी वकिलाने फोनचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आधी खरखर, मग एका बाईचा आवाज, धावत आल्यासारखा:

“मेन स्ट्रीटच्या थांब्यावर एक माणूस उभा आहे. चौकडीची टोपी, हिरवा डबा. डब्यात पिस्तूल आहे. लवकर पाठवा कुणाला तरी.”

“आपलं नाव, मॅडम?”

“नाव काय करायचंय? ऐका, त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवीकडून बोलायला सांगा. हळू बोलायला सांगा.” आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मी डेलच्या मानेकडे बघत होतो. ती खालून वर लाल होत गेली. आवाज जरा जाड झाला होता, पण मीही ओळखला. त्या आवाजाने माझ्या घरी कितीतरी रविवार गाजवले होते. उजवीकडून बोलायचा निरोप फोन घेणाऱ्याने रस्त्यावरच्या पोलिसांना दिलाच नव्हता. डेलचं हाड त्यापायी गेलं.

सरकारी वकील म्हणाला, “साहेब, या बाईला त्याच्या कानाचंही ठाऊक आहे. म्हणजे ती त्याला ओळखते. आणि तिने सांगितलं तसं पिस्तूल निघालंसुद्धा.”

सॉल्टरबाई खोकत उठल्या. “निघालं ते नंतर, साहेब. डबा उघडण्याआधी पोलिसांच्या हातात काय होतं? टोपी रस्त्यावरच्या कुणालाही दिसते. बहिरा कान शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असतो. पत्र्याच्या आतलं कुणाला दिसतं? ही बाई नाव सांगत नाही, कुठून कळलं ते सांगत नाही. उद्या खोटं ठरलं तर तिला जाब कोण विचारणार? खोडसाळ असेल. दारू प्यायलेली असेल. काही जुना सूड उगवत असेल. अशा बाईच्या शब्दावर—”

“ती खोटं बोलत नाही,” डेल म्हणाला.

तो उभा राहिला होता. सॉल्टरबाईंनी त्याची बाही ओढली, तरी बसेना.

“आयुष्यात बोललेली नाही,” तो म्हणाला. “तुम्ही तिला काहीबाही म्हणू नका.”

म्हाताऱ्या न्यायाधीशांनी चष्मा काढला. “मिस्टर क्रूस, तुम्ही तुमच्याच वकिलाला तोंडघशी पाडताय, कळतंय ना?”

“हो साहेब.”

“बसा आता. तुम्हाला काय माहीत आहे हा आजचा प्रश्नच नाही. त्या क्षणी पोलिसांना काय माहीत होतं, एवढंच मला बघायचंय. आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. ती बाई जगातली सगळ्यात खरी बाई असेल, पण ते त्यांना कसं कळावं? नाव नसलेल्या आवाजावर माणसाला रस्त्यात आडवं पाडता येणार नाही.”

झडती बेकायदा ठरली. आठवड्याभरात खटला काढून घेतला गेला. रिव्हॉल्व्हर मोडीत काढायला डेलने आपण होऊन सही दिली.

बाहेर जिन्यावर सॉल्टरबाईंनी त्याला गाठलं. “जिंकलेली केस तुम्ही जवळजवळ घालवली होती, काका. कोण होती ती?” लगेच हात वर केला. “नको, सांगू नका. मी विचारलंच नाही.”

डेल हसला, तोंडावर हात न धरता. मग म्हणाला, “ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला मिळेल का हो? एकदाच.”

नाहीच मिळालं ते.

मार्चमध्ये बर्फ फुटला आणि नदी वाहायला लागली. एका शनिवारी डेल माझ्याकडे आला. “गस, पलीकडे नेतोस?” एवढंच. मी गाडी काढली.

बर्नार्ड दुकानात गेलेला होता. नॅडीनने दार उघडलं. केस पांढरे झाले होते. तिने एकदा त्याच्या खांद्याकडे पाहिलं. मग आम्हाला ओसरीत बसवून कॉफी आणली. मी उठून गाडीत जायला निघालो तर म्हणाली, “बस रे गस. दोघंच राहिलो तर मला जड जाईल.”

डेलने विचारलं, “तुला कसं कळलं?”

“बटणं घ्यायला आले होते थांब्यासमोरच्या त्या दुकानात. खिडकीतून तू दिसलास. नदी गोठलेली, आणि हा माणूस गळाचा डबा घेऊन उभा. त्या डब्याच्या तळाशी काय असतं ते मला माहीत नाही? किती वेळा म्हणाले होते, टाकून दे ते. आई गेल्याचंही ऐकलं होतं.”

“रस्ता ओलांडून का नाही आलीस?”

नॅडीनने कपात चमचा फिरवला, मग पुन्हा फिरवला. तिला असं थांबलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“आले असते तर परत गेले नसते, डेल. घरी बर्नार्डच्या जेवणाची वेळ झाली होती. तो चांगला माणूस आहे.”

“मी यायला हवं होतं,” डेल म्हणाला. “त्या इस्टरला. पुलापर्यंत आलो होतो, चालत. दोनदा.”

“आणि?”

“आल्यावर काय बोलायचं ते सुचेना.”

ती रडायला लागली आणि रडता रडता हसली. “अरे मूर्खा, काहीही चाललं असतं! हवेबद्दल बोलायचं! मक्याबद्दल!”

निघताना त्याने पुन्हा येऊ का असं विचारलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. त्याच्या टोपीचे कान खाली ओढून नीट केले आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून डेल बोलायला लागला. धक्क्यावर, आमच्या जेवणाच्या टेबलावर, हवेबद्दल, मक्याबद्दल, आईबद्दल. लोइस म्हणते, कुणीतरी याला आवरा आता. पण मला दिसतं: गोष्ट रंगात आली की तो मधेच थांबतो, तिसरं कुणी शोधत असल्यासारखी आमच्या दोघांवरून नजर फिरवतो, आणि उरलेली भराभर संपवून टाकतो.

मागच्या शरदात बर्नार्ड गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. दफनविधीला डेल आणि मी गेलो, मागे उभे राहिलो. नॅडीनने पाहिलं, ओळख दिल्यासारखी मान लववली, आणि गर्दीत दिसेनाशी झाली. परतताना मी विचारलं, “आता?”

“आता तिला थोडा वेळ एकटं राहायचं असेल,” डेल म्हणाला. “बोलावलं तर जाईन.”

शनिवार आला की तो दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि पुलापर्यंत चालत जाऊन जरा वेळ बसतो. मग आमच्याकडे जेवायला येतो. बोलावणं अजून आलेलं नाही.