काकांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी

कॉलेजच्या क्लार्कने तोंडावर सांगितलं होतं, दोनपर्यंत स्कॉलरशिपच्या फॉर्मची प्रिंट आणून दे, नाहीतर विसर. स्कॉलरशिप नाही म्हणजे इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष नाही. आणि मी साडेबाराला घाटकोपरच्या सायबर कॅफेत पप्पांचा मोबाइल हातात धरून बसलेली. आधारला जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी येईचना. दोनदा बटण दाबलं. मग कुठे स्क्रीनवरची बारीक ओळ वाचली: आणखी एकदाच पाठवता येईल, नंतर उद्या. शेजारी नंबरचे शेवटचे आकडे होते. ते पप्पांचे नव्हतेच!

आकडे ओळखीचे होते. आमच्या शेजारच्या काकांचे. मी लहान असताना चाळीत आधारचं शिबिर लागलं, तेव्हा काकाच टेबलाशी बसून सगळ्यांचे फॉर्म भरत होते. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला म्हणायचे, "माझा टाक रे, काय फरक पडतो?" अर्धी चाळ त्यांच्याच नंबरवर. नंतर बदलायचं कुणाच्या डोक्यात आलंय!

धावत चाळीत गेले. जाताना आठवलं, गेल्या वर्षी कुणीतरी बँकेतून बोलतोय सांगून काकांकडून ओटीपी काढून घेतला होता आणि त्यांचं पेन्शनचं खातं साफ केलं होतं. काका दारातच बसले होते, चेहरा पांढराफटक.

"दोन मेसेज आले आत्ता," ते म्हणाले. "मी फोनच बंद करून टाकलाय."

"काका, ते माझेच! स्कॉलरशिपचे! आता येईल तो नंबर सांगा ना प्लीज."

"नाही. कुणालाच सांगायचा नाही."

"अहो, मी आहे ना! बँकेचा ओटीपी नाही तो!"

"तो बँकवालाही असंच गोड बोलत होता."

असा राग आला! पण भीती त्याहून मोठी, मी सरळ रडायलाच लागले. पोरीचं वर्ष वाया जाईल म्हणून मागून आई तिच्या मालवणीत ओरडली, "भावजी, चेडवाचा वरस फुकट जातला ओ!"

काकांनी चपला घातल्या आणि माझ्यासोबत निघाले.

कॅफेत काकांनी फोन चालू केला, मग मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. काकांनी फोन छातीशी धरला, मला मान वळवायला लावली आणि एका बोटाने स्वतःच आकडे टाकू लागले. एक चुकला. खोडला. घड्याळाचे सेकंद पळत होते. शेवटी प्रिंटर घरघरला.

"झालं, काका!" मी म्हटलं. "आता घरी जा, आई चहा टाकेल."

"तू पळ कॉलेजला," ते म्हणाले. "मी आधी बँकेत जातो. पासबुक छापून बघतो, आहे का काही शिल्लक."

माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसलाच नव्हता. तरी त्यांनी नंबर टाकला होता.