मैनाताईंना आलेली मागणी

मखमलाबादच्या शिवारात मैनाताईंचं फुलांचं रान आहे. गुलाब, शेवंती, झेंडू आणि बांधाकडेला थोडा मोगरा. एके काळी पहाटे या वाटेनं चाललं की दोन्ही अंगांनी गुलाबाचा वास यायचा आणि गंगेवर आंघोळीला निघालेली माणसं उगाच पाय ओढत चालायची. आता एका अंगाला रो-हाउस उभी राहिली आहेत आणि दुसऱ्या अंगाला 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या. नाटक संपलं, प्रेक्षक उठून गेले, दिवे मालवले, तरी एखादी नटी आपली जागा सोडत नाही, तसं मधोमध मैनाताईंचं रान तेवढं उरलं आहे.

मैनाताई संशयी आहेत. ही चुगली नव्हे, त्या स्वतःच तसं सांगतात. दूध घेताना थेंब नखावर धरून ओघळू देतात. मिरच्या घ्यायच्या तर वरच्या बाजूला सारून पोत्याच्या पोटात हात घालतात. बाजारात कुणी अदबीनं वाट सोडली, तर आपल्याला पुढं का काढलं असेल याचा विचार करत त्या जागीच थांबतात. गोड बोलणाऱ्यापासून त्या चार हात दूर राहतात आणि अजिबात न बोलणाऱ्यापासून आठ हात.

हा स्वभाव त्यांनी माहेराहून आणला नव्हता. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या हसऱ्या, चटकन विश्वास टाकणाऱ्या होत्या. ऐन तिशीत नवरा गेला. दहावा करून माणसं गंगेवरून परतली, मैनाताई चुलीपुढं बसल्या होत्या, आणि पडवीत त्यांचा धाकटा दीर कुंदन पाहुण्यांना सांगत होता, की वहिनीला मूलबाळ नाही, वय कोवळं आहे, आज ना उद्या दुसरं घर धरेल, मग रान आपसूक आपल्याकडे येईल. आवाज त्यानं खाली घेतला होता, पण पडवीतला खालचा आवाज चुलीपाशी चांगला ऐकू येतो. महिनाभरात मैनाताई गावातल्या घरातून उठून रानातल्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. सासू, नवसाबाई, कुंदनकडे राहिली. पुढं सासूसुनेचं बोलणं लग्नाकार्यात 'आलीस का' आणि 'जेवलात का' एवढ्यावर आलं.

तलाठ्यानं मैनाताईंना समजावलं होतं, की रान तुमच्या नावावर आहे, उद्या दुसरं लग्न केलंत तरी कुणी काढून घेऊ शकत नाही. मैनाताईंनी मान डोलावली, बाहेर आल्या आणि तलाठ्यावरच संशय घेतला. हा माणूस न विचारता लग्नाचं का बोलला?

अशा बाईच्या बांधावर रोज पहाटे जयरामचा टेम्पो येऊन उभा राहायचा.

जयराम मूळचा देवळ्याकडचा. बायको वारलेली, मुलगी वणीला दिलेली, पन्नाशीला टेकलेला. शिवारातली फुलं गोळा करून तो गणेशवाडीच्या फुलबाजारात पोचवायचा. दुसरे टेम्पोवाले क्रेट धाडकन आदळायचे. हा खाली ओलं गोणपाट अंथरायचा, ताडपत्री सैल बांधायचा, रिकामे क्रेट धुऊन परत आणायचा. मैनाताईंना हे दिसत होतं. ते आवडतही होतं, आणि आवडतंय म्हणून त्या जास्तच सावध होत्या.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. शिवारातली लहानथोर सगळी माणसं त्यांना मैनाताई म्हणायची. जयरामनं एकदाही ताई म्हटलं नव्हतं. वहिनी नाही, बाई नाही, काहीच नाही. क्रेटकडे बघून तो नुसतं "झाली का फुलं?" म्हणायचा. ज्या माणसाला कसलंच नातं लावायचं नसतं त्याच्या मनात काय असेल, असं मैनाताई स्वतःला विचारायच्या. उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्या दुसरं उत्तर शोधत राहायच्या.

दिवाळी झाली, फुलांची घाई ओसरली, आणि एका पहाटे जयराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. क्रेट चढवून झाले. रोज तो लगेच गाडी सुरू करायचा, त्या दिवशी टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा राहिला. मग त्यानं डोळे मिटले.

"मैनाजी," तो म्हणाला.

मैनाताईंनी मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून.

"मैनाजी, जीवनाच्या या सुंदर वळणावर, सुखदुःखाच्या प्रत्येक क्षणी, आपली अनमोल साथ आम्हांला लाभावी आणि आमच्या घराची शोभा वाढवावी, हीच नम्र विनंती."

एवढं बोलून त्यानं डोळे उघडले आणि नाट्यगृहात भलत्याच प्रवेशाला रंगमंचावर आलेल्या नटासारखा बघत राहिला. मैनाताईंच्या छातीत काहीतरी हललं, हे खरं आहे. पण त्याच्या पाठोपाठ संशयही उठून उभा राहिला. वर्षानुवर्षं दोन शब्दांवर भागवणारा माणूस इतकं बोललाच कसा? आणि 'आम्हांला' म्हणजे कुणाकुणाला?

"उन्हं चढतील, फुलं सुकतील," त्या म्हणाल्या. "निघा."

सकाळभर त्या कळ्या खुडत होत्या आणि ते वाक्य मनात उलटंपालटं करत होत्या. दुपारी रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा गेली. साड्यांच्या सेलची जाहिरात होती. भारदस्त आवाजात भोंगा सांगत होता, की माताभगिनींनी सहकुटुंब येऊन आपल्या घराची शोभा वाढवावी, हीच नम्र विनंती. मैनाताईंच्या हातातली परडी खाली आली. त्यांनी रिक्षा थांबवली आणि हा बोलणारा माणूस कुठं भेटतो ते विचारून घेतलं.

तो पेठ नाक्याजवळ एका गाळ्यात भेटला. दिनेश त्याचं नाव. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतींना चिकटवून त्यानं आवाज ध्वनिमुद्रित करायची खोली केली होती. तरुणपणी गावोगावच्या यात्रांत त्यानं राजाची कामं केलेली, ती ऐट अजून खांद्यांत होती. मैनाताईंना बघून त्यानं खुर्ची पुढं केली आणि प्रसंग कोणता, म्हणून विचारलं. सेल, निवडणूक, वाढदिवस, दुःखद निधन, सगळं करून देतो म्हणाला.

"मागणी करून देता का?" मैनाताईंनी विचारलं. "लग्नाची?"

दिनेशनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे त्या तुम्ही. कशी झाली हो? 'सुखदुःखाच्या' म्हटल्यावर थांबला का? मी दहा वेळा बजावलं होतं, तिथं श्वास घे."

मैनाताईंनी त्याच्या श्वासाकडे लक्ष दिलं नाही. बरोबर कोण आलं होतं, कुणी पाठवलं होतं, रानाचं काही बोलणं निघालं का, असं त्या एकामागून एक विचारत गेल्या. एकटाच आला होता, दिनेश म्हणाला. बराच वेळ टोपी कुरवाळत बसला. स्वतःचे शब्द होते त्याच्याकडे, पण अगदीच बेतास बात.

"काय शब्द?"

"म्हणाला, पाऊस आला की ती क्रेटवर आपलं इरलं टाकते आणि स्वतः भिजत उभी राहते, ते मला बघवत नाही. आता सांगा, ही काय मागणी आहे? ही तर तक्रार झाली. मी म्हटलं, असलं राहू दे, मी तुला भरजरी करून देतो."

क्षणभर मैनाताईंना वाटलं, एवढ्यावर पुरे, घरी जावं. पण दिनेश उदार माणूस, त्याच्यानं राहवलं नाही. त्यांचं मन जयरामकडे वळवायला तो आणखी एक गोष्ट सांगून बसला. "आणि माणूस सरळ आहे हो. तुमच्या सासरी आधीच बोलून आलो म्हणाला."

तिथंच सगळं फिरलं. पेठ रोडवरून घरी येताना मैनाताईंना गाड्यांचे आवाज ऐकू येत नव्हते. सासरी म्हणजे कुंदनकडे. पंधरा वर्षं कुंदन ज्या दिवसाची वाट बघत होता तो दिवस आणायला त्यानं माणूस शोधला होता, धुतलेल्या क्रेटचा, सैल ताडपत्रीचा, आणि आपण त्याचे गुण मोजत बसलो. इरल्याची गोष्टसुद्धा पढवलेली असेल. रानात न जाता त्या तडक गावातल्या, कुंदनच्या घरी गेल्या.

कुंदन घरी नव्हता. नवसाबाई ओसरीत लसूण सोलत बसली होती. सुनेला दारात बघून तिनं हातातला लसूण तसाच धरला, पण नवल दाखवलं नाही.

"तो टेम्पोवाला इथं कशाला आला होता?" मैनाताईंनी उभ्या उभ्या विचारलं.

"बस."

"बसायला नाय आले."

"मग उभी ऐक. नारळ घेऊन आला होता. उंबऱ्याच्या बाहेर बसला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हने, तुमच्या घरची सून मागायला आलोय."

मैनाताई म्हणाल्या, मागायचं तर मला मागायचं, मी काय या घरच्या दावणीला बांधली आहे? नवसाबाईनं शांतपणे सांगितलं, की जयरामच्या गावाकडे तशी रीत आहे. विधवेला मागणी घालायची तर आधी तिच्या सासरचा शब्द घ्यायचा, नाहीतर बाई पळवून नेली असं गाव म्हणतं. त्याच्या समजुतीनं तो सगळ्यात निर्मळ वाटेनं आला होता. ती वाट नेमकी मैनाताईंच्या वैऱ्याच्या अंगणातून जाते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि कुंदनभाऊ?"

"त्याला लय आनंद. घेऊन जा म्हनला, उद्याच जा, रानाचं आमी बघू." नवसाबाईनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "तो म्हनला, रान तिचं हाय. ती रान सोडून येनार आसंल तर मला नको, मी तिच्याकडं राह्यला जाईन. मग कुंदननं त्याला नारळासकट हाकलला."

मैनाताई सासूकडे बघत राहिल्या. म्हातारी कुंदनच्या घरचं खाते, कुंदनचीच बोली बोलत असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. नवसाबाईनं ते वाचलं.

"नको ठिवू इश्वास. तुझ्या जागी मी बी ठिवला नसता," ती म्हणाली. "पन वाटंत गाठून त्याला मी माझा होकार दिला. कुंदनला न सांगता. माझा घेतलाय त्यानं. तुझा ऱ्हायला."

मैनाताई बसल्या नाहीत, पण निघताना चपला घालायला त्यांना वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या क्रेट भरून बांधावर उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते ठरलं होतं. माणूस खरा असो की खोटा, आपण का जोखीम घ्यायची? दुसरा टेम्पो लावू, मिटलं. पण जयराम आला नाही. पूर्वेकडे फटफटलं, शेजारच्या रानातले क्रेट दुसऱ्या गाडीनं गेले, तरी तो आला नाही. खरं तर मैनाताईंना आता बळच यायला हवं होतं. चोर होता, उघडा पडला, पळाला. तो विचार त्यांनी दोनतीनदा करून पाहिला आणि तो काही केल्या मनात ठरेना. त्याऐवजी वळणावरचा खड्डा दिसत होता, रात्री भरधाव जाणारे वाळूचे डंपर दिसत होते. त्या कधी बांध सोडून रस्त्यावर आल्या आणि कधी चार शेतं ओलांडून वळणापर्यंत गेल्या, त्यांचं त्यांना कळलं नाही.

टेम्पो वळणापलीकडे उभा होता, चाक काढलेलं. जयराम गुडघ्यावर बसून पाना फिरवत होता. मैनाताईंना बघून तो घाईनं उठला, आणि हात पुसत पुन्हा डोळे मिटू लागला.

"डोळे उघडे ठेवा," मैनाताई म्हणाल्या. धाप लागली होती. "दिनेशचं काही बोलू नका. आज मी बोलते. माझा कुणावर भरवसा नाय. सासूवर नाय, दिरावर नाय, तलाठ्यावर नाय. तुमच्यावर बी अजून बसलेला नाय, उगाच खोटं कशाला सांगू. पण दुसरा कुणी उशिरा आला तर मला वाटतं, यानं काहीतरी केलं. तुम्ही आला नाय तर वाटतं, याला काही झालं का. माझ्यापाशी एवढंच हाय. ते पुरत आसंल तर बघा."

जयराम ऐकत राहिला. त्याचे ओठ एकदा हलले, बहुधा 'अनमोल'पर्यंत येऊन परतले. मागून डंपर गेला, धूळ उडाली. मग त्यानं पाना खाली ठेवला.

"मग रात्रीचा टेम्पो कुठं लावू?" त्यानं विचारलं.

मैनाताईंनी विचार केला. गोठ्याच्या मागं जागा मोकळी होती, सावलीही होती, पण तिथला टेम्पो कोण हलवतं आणि कधी हलवतं ते कळायला मार्ग नव्हता.

"दारातल्या निंबाखाली," त्या म्हणाल्या. "माझ्या खिडकीतून दिसंल असा."

आणि चाक धरायला खाली बसल्या.