चिरफाडीच्या डॉक्टरांचे प्रश्न

चिरफाडीचे डॉक्टर व्हिसेराचा, म्हणजे तपासायला पाठवलेल्या अवयवांचा आणि रक्ताचा, रिपोर्ट आला की तो आधी वाचत नसत. टेबलावर उलटा ठेवत आणि समोरच्याला विचारत, "माणूस कसं होतं ते सांगा." यवतमाळला त्यांच्या खोलीकडे मी सहा महिने चकरा मारल्या, बाहेरच्या बाकावर बसून राहिलो, म्हणून मला माहीत.

माझी बायको शांता फवारणी चालू असताना शेतात पडली आणि दवाखान्यात नेता नेता गेली. सकाळी आमचं वाजलं होतं. गावानं ठरवून टाकलं, तिनं विष घेतलं. दारव्ह्याला दिलेली मुलगी तेरवी झाल्यापासून माझ्याशी बोलेना.

पोलीस 'बॉडी' म्हणत. डॉक्टर शांताबाई म्हणत. रिपोर्ट आला त्या दिवशी जमादार घाईत होता. "साहेब, विष निघालं ना? मंग आत्महत्या लिवून टाका."

"तुह्या रक्तात तंबाखू निघन," डॉक्टर म्हणाले. "खर्‍यानं मेला म्हणून लिवू का? कागद एकटा बोलत नाही बाप्पा."

मग माझ्याकडे वळले. "काकाजी, औषध कोण कालवे?"

"तीच."

"कायनं?"

"हातानं. ड्रमात कोपरापर्यंत."

"काडी नोती?"

काडी होती. हात जळतात म्हणून तिनंच सकाळी घेतली होती. मी खेकसलो होतो, "काडीनं गाठी राह्यतात, पंप जाम होते. हातानंच कालव." तेवढ्यावरूनच वाजलं होतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. धीरबीर दिला नाही.

मग कागद सरळ केला. "रक्तात विष आहे, पोटात थेंब नाही. इतक्या लवकर गेल्या, पेल्या असत्या तं पोटात सापडलं असतं. हातही म्या पाह्यले, कोपरापर्यंत सोलले होते. कातडीतून गेलं हे."

मी उठलो तर म्हणाले, "विष पेल्या नाही, हे पोरीले मी फोन करून सांगतो. काडीचं तुम्ही सांगा."

मुलगी पुन्हा येऊ लागली. काडीचं मी सांगितलं नाही. चार वर्षं.

यंदा डॉक्टर वारले. तेरवीला आम्ही बापलेक गेलो. परतताना जीपमध्ये मी तिला सगळं सांगून टाकलं. कळंबच्या पुढं आमच्या गावचा फाटा आला. ती आधी उतरली. मला हात दिला नाही. पण पुढंही गेली नाही. मी उतरेपर्यंत तिथंच उभी होती.